एकट्या महिलेसाठी खोली, शांत परिसर

कमलाकांत मोहरील वर्तमानपत्र मागून वाचतात. पहिल्या पानावरचं सगळ्या जगाला कळतंच. जे फारसं कोणाला कळू नये म्हणून छापलेलं असतं ते मागच्या पानांवर, बारीक टाइपात असतं, असा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. अकोल्याच्या एका दिवाणी वकिलांकडे ते मुन्शी होते. कोणाला शेत किंवा प्लॉट घ्यायचा असला की वकीलसाहेब पेपरात जाहीर नोटीस द्यायचे: सदर मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवावी, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. या नोटिसा लिहिणं हे मोहरीलांचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे दुसऱ्या वकिलांच्या अशाच नोटिसा रोज वाचून, आपल्या पक्षकाराचं शेत त्याचा चुलतभाऊ गुपचूप विकून तर नाही राहिला, हे हुडकणं.

अशा कामाने माणसाचं जे व्हायचं ते झालं. लग्नपत्रिका आली की मोहरील आधी कोणाचं नाव गाळलंय ते पाहतात. 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी दिसली की शाखा कुठे असावी याचा विचार करत पुढे जातात. शेजाऱ्यांनी न मागता पुरणपोळी पाठवली तर खातात, पण आधी मधल्या कुंपणाच्या भिंतीकडे एक नजर टाकून. घरातही तोंडी बोलण्याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नाही. पत्नीने, म्हणजे अनसूयाबाईंनी, काहीही महत्त्वाचं सांगितलं की ते म्हणतात, "हं. लेखी दे." चौतीस वर्षं म्हणत आलेत. अनसूयाबाई अकोल्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे एकाच उत्तराची त्यांना सवय होती.

दोघं निवृत्त झाले आणि अमरावतीला रुक्मिणीनगरात बांधून ठेवलेल्या घरात राहायला आले. बाईंनी गच्चीवर गुलाब लावले. मोहरीलांनी ब्लॉग लावला. ब्लॉगचं नाव 'हरकत असल्यास'. सातबारा कसा वाचावा, फेरफार म्हणजे काय, बक्षीसपत्र करून दिल्यावर म्हातारपणी रडू कसं नये, असे लेख. धारणीचे एक मास्तर दर रविवारी अभिप्राय द्यायचे. चांदूर रेल्वेच्या एका बाईंनी सासऱ्याच्या मृत्युपत्राबद्दल एकोणीस प्रश्न विचारले. मोहरीलांनी बावीस उत्तरं दिली. तीन उत्तरं तिने न विचारलेल्या, पण विचारायला हव्या होत्या अशा प्रश्नांची होती.

दिवाळीत नागपूरहून मुलगा, ईशान, आला आणि त्याने ब्लॉगवर जाहिराती लावून दिल्या. जाताना एकच गोष्ट बजावली.

"बाबा, आपल्या ब्लॉगवरची जाहिरात आपण दाबायची नाही. कंपनीला लगेच कळतं. खातं बंद करतात."

"चुकून बोट लागलं तर?"

"एखाद्या वेळी काही होत नाही."

"हे लेखी आहे का?"

लेखी नव्हतं. तेव्हापासून मोहरील टॅबलेट टेबलावर उभा करून, पडद्याच्या अगदी डाव्या काठावरून, करंगळीने पान सरकवू लागले. नागाच्या वारुळाशी दूध ठेवणारा माणूस जसा हात पुढे करून पाय मागे ठेवतो, तसे ते स्वतःचाच ब्लॉग वाचायला बसत.

पण रस फार लागला. जाहिरातीची चौकट लेखाच्या वर ठेवायची की मध्ये, उजवीकडे की शेवटी, याचे प्रयोग सुरू झाले. अर्ध्या वाचकांना चौकट वर दाखवायची, अर्ध्यांना खाली, आणि आठ दिवसांनी कोणते वाचक अधिक थांबले ते पाहायचं, अशी सोय कंपनीने दिलेली होती. 'वारस नोंद' या लेखात चौकट मध्ये ठेवली तर लोक तिथेच लेख सोडतात आणि 'भावाने फसवल्यास' या लेखात शेवटपर्यंत वाचतात, असा शोध लागला. नकोत ते जाहिरातींचे वर्ग बंद करता येतात हे समजल्यावर त्यांनी ज्योतिष बंद केलं, पोट कमी करण्याची चूर्णं बंद केली, दहा मिनिटांत कर्ज देणारे तर जन्माचे बंद केले. कोणत्या दिवशी कुठे काय दिसलं याची त्यांनी एक वही सुरू केली. कूलरच्या वाऱ्याने तिची पानं उडू नयेत म्हणून वर अडकित्ता.

याच दिवसांत अनसूयाबाई तीनदा टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ऐकून राहिले का? मी अकोल्याचं म्हणत होते."

"हं," मोहरील म्हणाले. ते चौकट डावीकडून उजवीकडे नेत होते. "लेखी दे."

तिसऱ्या खेपेला बाईंनी खरंच चिठ्ठी लिहून आणली. मोहरीलांनी ती घेतली, घडी केली आणि वहीत खूण म्हणून घातली.

मे महिन्याच्या अखेरीस, एका मंगळवारी सकाळी, 'सहहिस्सेदाराची संमती' या लेखाच्या मध्यावर एक जाहिरात आली. फिक्या निळ्या रंगाची खोली, खिडकीत कुंडी, आणि अक्षरं: अकोला, गोरक्षण रोड. एकट्या महिलेसाठी सुसज्ज खोली. शांत परिसर.

मोहरीलांनी वहीत नोंद केली. बुधवारी तीच जाहिरात. गुरुवारी दोनदा. जमिनीच्या ब्लॉगवर घरांच्या जाहिराती येणारच, हे त्यांनाही कळत होतं. पण धारणीच्या मास्तरांना अकोल्यात खोली दाखवण्यात कोणाचा काय डाव असेल, हे कळेना. आणि ती जाहिरात उघडून मालकाचं नाव पाहावं, तर दाबायची नाही. एकतीस वर्षांत समोर आलेला कागद न उघडता ठेवायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्यांनी भातकुलीला खुशालरावांना फोन लावला. खुशालराव म्हणजे त्यांचे जुने पक्षकार; कपाशी, तूर, आणि तीन चुलतभावांविरुद्ध जिंकलेली एक केस.

"खुशालराव, माझा ब्लॉग उघडा. सहहिस्सेदाराचा लेख. मधे काय दिसतं?"

"थांबा मुन्शीजी, चष्मा घेतो." बराच वेळ गेला. "हे पाहा, लेख दिसून राहिला."

"त्याच्या मधे."

"मधे... तेल आहे."

"कशाचं तेल?"

खुशालराव हळूच म्हणाले, "केसाचं. टकलावर केस उगोते म्हणते. मुन्शीजी, मले हे काहून दाखून राहिले? तुमी सांगतलं का त्यायले?"

"मी कशाला सांगू?"

"मंग त्यायले माह्या डोस्क्याचं कसं मालूम? मी तं फोटोतबी टोपी घालतो."

खुशालरावांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मोहरीलांनी ईशानला विचारलं. ईशान ऑफिसात होता, घाईत होता.

"बाबा, तसंच असतं. ज्याने जे शोधलं ते त्याच्या मागे फिरतं. खुशालकाकांनी तेल शोधलं असेल. त्या टॅबवर कोणीतरी खोली शोधली असेल."

"टॅब तर घरात आम्ही दोघंच वापरतो."

"मग तुम्ही शोधली असेल," ईशान म्हणाला आणि फोन ठेवला.

मोहरीलांनी शोधली नव्हती. तरी ऐकीव पुराव्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून त्यांनी स्वतः चाचणी केली. घरात कोणाच्या स्वप्नातही येणार नाही अशी वस्तू त्यांनी टॅबलेटवर शोधली: उंटाचं खोगीर. दुसऱ्या दिवसापासून ब्लॉगवर वाळवंट सुरू झालं. तंबू, उंट, चार रात्रींची सहल, भरतकामाच्या मोजड्या. ईशानचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते मोहरीलांना मुळीच आवडलं नाही. कारण उंटांच्या मध्ये ती निळी खोली तशीच होती.

"तुम्ही राजस्थानले जाऊन राहिले का?" दुपारी टॅबलेट पुसताना अनसूयाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग उंट कोणाचे?"

"अभ्यास आहे," मोहरील म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि त्या गच्चीवर गेल्या.

आता पुरावे आपोआप दिसू लागले. बाईंनी मोठी चाकांची बॅग उन्हात वाळवली होती. त्या गच्चीवर जाऊन अकोल्याच्या मैत्रिणीशी, ललिताबाईंशी, फोनवर बोलत. पूर्वी स्वयंपाकघरातून बोलत आणि ते सगळ्या आळीला ऐकू येई. शेजारच्या हर्षाला त्यांनी कोणत्या गुलाबाला किती पाणी घालायचं ते दोनदा समजावून सांगितलं. आणि एके दिवशी त्या डाळीचे डबे उघडून, प्रत्येकावर नाव लिहून चिकटवत बसल्या. तूर, मूग, हरभरा. ज्या बाईला स्वतःचे डबे चौतीस वर्षं पाठ आहेत ती नावं कोणासाठी लिहिते? कोणत्याही कोर्टाने हा पुरावा ग्राह्य धरला असता.

विचारायला काय हरकत होती? पण पक्षकाराला कधी विचारायचं नसतं. विचारलं की तो सावध होतो. आधी कागद पाहायचे. हे वकीलसाहेबांचं वाक्य होतं आणि मोहरीलांनी त्यावर जन्म काढला होता. शिवाय विचारलं आणि तिने 'हो' म्हटलं, तर पुढचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता.

'एकट्या महिलेसाठी' हे एक वेळ समजण्यासारखं होतं. 'शांत परिसर' हे शब्द त्यांना लागले. आपल्या घरात अशांतता कोण करतं? ईशान नागपूरला. हर्षाचं कुत्रं संध्याकाळी भुंकतं, तेही क्वचित. उरलं कोण? त्या दिवशी त्यांनी फोनवर सातबारा समजावताना आवाज एकदम खाली आणला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तब्येत बरी नाही का साहेब?"

आठव्या दिवशी त्यांनी पाऊल उचललं. नोटीस आली की हरकत घ्यावी, मुदतीत घ्यावी. ब्लॉगच्या मागच्या पानावर जाऊन त्यांनी 'घर व जमीन' हा जाहिरातींचा संपूर्ण वर्ग बंद करून टाकला. जमिनीच्या ब्लॉगवर जमिनीलाच बंदी. शिंप्याच्या दुकानात कापडाला बंदी घातल्यासारखं झालं. पण निळी खोली गेली. मोहरीलांनी वहीत लाल शाईने लिहिलं: 'हरकत नोंदवली', आणि खाली तारीख.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्याच जागी एक कुकर आला. छोटा. एका माणसाचा भात होईल एवढा. चौथ्या दिवशी घडीची कॉट, एकेरी. पाचव्या दिवशी एकच शेगडी.

मोहरीलांनी कुकर बंद करण्यासाठी 'स्वयंपाकघर' हा वर्ग शोधला आणि मध्येच थांबले. असं करत गेलं तर शेवटी ब्लॉगवर फक्त उंट उरतील, हे त्यांना दिसलं. त्यांनी वही चाळली. सहा महिन्यांच्या नोंदी होत्या: चौकट वर, चौकट खाली, तेल, पंखे, विमा. 'अनसूया काय म्हणाली' असा रकाना त्यात नव्हता. खूण म्हणून घातलेली घडी मात्र होती. ती उघडावी असं त्यांना वाटलं, आणि उघडली तर काय निघेल या भीतीने त्यांनी वही मिटली. आयुष्यभर लोकांचे कागद उघडणाऱ्या माणसाला आपल्या घरातली एक चिठ्ठी उघडवेना.

पंधराव्या दिवशी सकाळी अनसूयाबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. सहसा त्या टेबलाशी बसत नसत.

"झाले पंधरा दिवस," त्या म्हणाल्या.

"कशाचे?"

"नोटिशीचे."

मोहरीलांचा कप तसाच हातात राहिला.

"तीनदा तोंडी सांगितलं, तुम्ही म्हणाले लेखी दे. लेखी दिलं, तुम्ही वहीत खुपसलं. मंग म्हटलं, हा माणूस जिथे रोज पाहते तिथेच बजावावी. दिवाळीत ईशाननं मला सांगितलं होतं, ज्यानं जे शोधलं ते त्याच्या मागे फिरते म्हणून. रोज सकाळी तुम्ही आंघोळीले गेले की दहा मिनिटं मी तुमच्या टॅबवर अकोल्याच्या खोल्या पाहून राहिले होते. खोल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा कुकर पाहिला. कॉट पाहिली."

"तू हे सगळं मुद्दाम?"

"जाहिरात म्हणजे नोटीस, हे तुमचंच वाक्य आहे. मुदतीत हरकत आली नाही. म्हणजे संमती."

"हरकत घेतली आहे," मोहरील म्हणाले. एवढ्या गोंधळात एक तरी कागद आपल्या बाजूचा होता. त्यांनी वही उघडून लाल शाई दाखवली. "आठव्या दिवशी. सगळा वर्ग बंद केला."

बाईंनी चष्मा वर करून वाचलं. "कोणाकडे घेतली?"

"कंपनीकडे."

"नोटीस कोणी दिली होती?"

मोहरीलांनी वहीतली तारीख पुन्हा पाहिली.

"हरकत नोटीस देणाऱ्याच्या पत्त्यावर पोचली पाहिजे. तुमच्याच ब्लॉगवर आहे, तिसरा लेख. मी याच घरात राहते. पत्ता सोपा होता."

बाहेर हर्षाचं कुत्रं दोनदा भुंकलं आणि थांबलं. मोहरीलांनी कप खाली ठेवला. मग एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी केली. त्यांनी पक्षकाराला सरळ विचारलं.

"कायमची जाऊन राहिली का?"

अनसूयाबाईंच्या चेहऱ्यावरचा वकील एकदम उतरला. "चिठ्ठी वाचलीच नाही ना तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांनी वहीतून घडी काढली आणि त्यांच्यासमोर उलगडून ठेवली. गणिताच्या बाईंचं गोल, मोकळं अक्षर. अकोल्याला कृषी विद्यापीठात माळीकामाचा एक वर्षाचा वर्ग. वयाची अट नाही. कलम करणं, रोपं तयार करणं, माती. सोमवार ते शुक्रवार तिथे राहावं लागेल, शनिवारी सकाळी घरी. ललिताही येते आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. खाली सही. सहीखाली, तारीख नसली की मोहरील कागद परत करतात म्हणून, तारीखही.

मोहरीलांनी ते दोनदा वाचलं. "माळी?"

"हो. माळी."

"मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "डब्यांवर नावं कशाला लिहिली?"

"तुम्ही मुगाची डाळ समजून हरभऱ्याची शिजवता म्हणून."

"आणि शांत परिसर?"

"ते मी नाही शोधलं. ते त्यांनीच लिहिलेलं असते."

यावर मात्र मोहरीलांचा आजतागायत पूर्ण विश्वास बसलेला नाही.

त्यांनी हरकत मागे घेतली, पण खोलीचे कागद पाहिल्याशिवाय नाही म्हणाले. पुढच्या सोमवारी दोघं बसने अकोल्याला गेले. घरमालकीण मैनाबाई, धिप्पाड, कपाळावर मोठं कुंकू, शेती गावाकडे आणि घर शहरात. मोहरीलांनी घरटॅक्सची पावती मागितली, मग वारसांची नावं, मग पलीकडची भिंत सामाईक आहे का ते. मैनाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"खोली भाड्यानं देऊन राहिली बावा, इकून नाई राहिली."

"करार अकरा महिन्यांचा आहे," मोहरील म्हणाले. "वर्ग बारा महिन्यांचा. बाराव्या महिन्याचं काय?"

"सारेच अकराचा करते. बाराव्याले तुमी या आन् अंगणात झोपा."

बाहेरच्या रस्त्यावर दोन ट्रक एकमेकांना हॉर्न देत गेले. "परिसर काही शांत नाही," मोहरील म्हणाले आणि प्रसन्न मनाने त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली.

जुलैत वर्ग सुरू झाला. मोहरीलांनी ब्लॉगवरची घर-जमिनीची बंदी उठवली. प्रयोग चालू आहेत, पण वहीत एक रकाना वाढला आहे. रोज संध्याकाळी ते अकोल्याला फोन करतात आणि विचारतात, "आज ब्लॉगवर काय दिसलं तुला?" तब्येतीची, जेवणाची सरळ चौकशी केली तर ती 'सगळं ठीक आहे' म्हणते, हे त्यांना ठाऊक आहे. जाहिरात खोटं बोलत नाही.

"खुरपं," बाई सांगतात. "काल मच्छरदाणी."

"डास आहेत?"

"थोडे."

त्या शुक्रवारी दुपारीच मोहरील मच्छरदाणी घेऊन अकोल्याला गेले. सप्टेंबरात गुडघ्याचा पट्टा दिसला, तेव्हा तेलाची बाटली घेऊन गेले. खुशालरावांनी दुसऱ्या एका तेलाचं नाव सुचवलं होतं, ते त्यांनी नेलं नाही.

नोव्हेंबरात थंडी पडली. मोहरील कानटोपी घालून फोनवर होते.

"आज काय?"

"स्वेटर," अनसूयाबाई म्हणाल्या. "पुरुषांचा. बिनबाह्यांचा, तपकिरी."

मोहरील खुर्चीत ताठ झाले. वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं. तपकिरी रंग ते घालत नाहीत. गेली दहा वर्षं त्यांच्याकडे राखाडीच आहे.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

पलीकडे गोरक्षण रोडवर एक ट्रक हॉर्न देत गेला.

"लेखी विचारा," अनसूयाबाई म्हणाल्या.